खोटी हवा

रत्नागिरी,
३ नोव्हेंबर १९८६

प्रिय महिपत,

काल हंगाम उघडला, म्हणून हे हवेचं पहिलं पत्र. नेहमी कार्डावर भागतं, पण या खेपेला रडगाणं मोठं आहे.

सकाळीच आम्ही सगळे सड्यावर, आपल्या कातळाच्या माळावर, हजर. गोदूबाईला शेडमधून ढकलत बाहेर काढली. घाटावरच्या क्लबाने टाकून दिलेलं बिनइंजिनाचं लाकडी ग्लायडर पावसाळाभर ताडपत्रीखाली राहिल्यावर जेवढं प्रसन्न दिसेल, तेवढी ती दिसत होती. शेपटीत उंदरांनी संसार थाटलेला. तो मोडला, पंख पुसले, सखारामने ग्लायडरला दोराने वर खेचणारं विंच सुरू केलं. बाबा रे, त्या ट्रकच्या इंजिनाला आता पेन्शन द्या. दोर ओढतं कमी आणि खोकतं जास्त.

पहिलं उड्डाण माझं. दोर सोडला, वर बघतो तर मळभ. जमीन तापेल, गरम हवा उठेल, तेव्हा आपण तिच्यावर बसून चढणार. इथे उन्हाचाच पत्ता नाही. वर गेलो तसा खाली आलो. मग ऊन पडलं, तर आम्ही दोर जोडेपर्यंत समुद्रावरून वारा सुटला आणि सगळं थंड करून मोकळा झाला. मग धावपट्टीवर म्हशी बसल्या. त्या उठल्या तर टपरीवरची गंगुबाई चहा घेऊन आली. "मास्तर," सखाराम म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडा, तसा उडता येईना आभाळ वाकडा." मी त्याला म्हटलं, तू विंच सांभाळ, म्हणी मी सांभाळतो.

तुझी बदली झाली आणि मागच्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या जागेवर, मी बसायला लागलो. ती जागा मला टोचते. पोरं विचारतात, साळवीसाहेब केव्हा येणार?

गैरहजर मेंबराला दर रविवारची हवा कळवायची, ही पद्धत तू पाडलीस. नियमही तुझाच. किती उंच गेलो, किती वेळ राहिलो, याच्या थापा हव्या तेवढ्या माराव्यात, पण हवा खोटी सांगायची नाही, कारण हवेच्या भरवशावर माणूस वर जातो. तेव्हा खरं सांगतो, कालची हवा रद्दी होती. तू काही चुकवलं नाहीस.

तुझा
आत्माराम


पोफळी,
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय आत्म्या,

पत्र वाचून इतका हसलो की कमळा स्वयंपाकघरातून बघायला आली. ड्रॉइंग मास्तर असून तुला ढग ओळखता येत नाही, हे मी आधीपासून सांगतोय. मळभ होतं तर इंजिन जाळलंस कशाला? गंगुबाईचा चहा आधी प्यायचा.

इथलं विचारशील तर, वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत गेलं की आभाळाशी संबंध संपला. आल्यावर महिनाभर तसं काम केलं. आमच्या खात्याने मला बरोबर हेरलं बघ. सगळ्या जिल्ह्यात वर बघत चालणारा एक माणूस होता, त्यालाच जमिनीखाली धाडलं. सध्या घरी आहे. रजा साठली होती, म्हटलं घेऊन टाकू. अंगणात खुर्ची टाकून बसतो. डोंगरांच्या मधून आभाळाची एक पट्टी दिसते, तिच्यात घारी येतात. त्या फिरायला लागल्या की माझे पाय ग्लायडरच्या पायट्यांवर असल्यासारखे आपोआप हलतात. कमळा म्हणते, शिवणाचं मशीन चालवताय का?

आता कामाचं. हवा एकदा लागली की आपल्याकडे ती टिकते. तशी लागली की लगेच लिही, पुढच्या रविवारी मी एसटीने येतो. मला एकदा वर ने. हसू नकोस. मी पुढे बसेन, शिकाऊ माणसासारखा, तू मागे बस. दांड्याला हातसुद्धा लावणार नाही. मिऱ्याच्या डोंगराला धरून एक फेरी मार, काळबादेवीची खाडी बघू दे, बस. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवताना माझं लक्ष सगळं त्यांच्या चुकांकडे. नुसतं बसून बघितलंच नाही रे कधी.

थोडी घाई आहे. का ते विचारू नकोस. बॅग भरून ठेवली आहे.

तुझा
महिपत


पोफळी,
२० नोव्हेंबर १९८६

आत्माराम भावोजींस कमळाचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. हे लिहिलेलं यांना कळता कामा नये. शेजारच्या बाई चिपळूणला चालल्यात, त्यांच्याकडे टपालात टाकायला देते. उत्तर मागे लिहिलेल्या त्यांच्या पत्त्यावर पाठवा.

यांनी तुम्हाला काही सांगितलं नसणार. ऑक्टोबरात यांना हृदयाचा झटका आला. बोगद्यातून उचलून आणलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, सक्त विश्रांती, जिने नाहीत, प्रवास नाही, मनाला धक्का नाही. होळीपर्यंत नीट सांभाळलं तर माणूस उठेल. रजा साठलेली नाही भावोजी, आजारपणाची रजा आहे.

आणि हे बॅग भरून बसलेत. टपालवाला फाटकाशी आला की उभे राहतात. तुम्ही "हवा चांगली" असं लिहिलंत तर हे त्याच दिवशी एसटीत बसतील. मी आडवी आले तरी थांबायचे नाहीत, हा माणूस तुम्हाला माहीत आहे. आजारी आहेस, येऊ नकोस, असं तुम्ही लिहिलंत तर मी सांगितलं हे कळेल आणि मग हट्टाने येतील.

म्हणून पदर पसरते. होळीपर्यंत हवा वाईट आहे असं लिहा. तुमचा नियम मला पाठ आहे, लग्न झाल्यापासून ऐकतेय. पण नियम मोठा की माणूस?

आपली
कमळा


रत्नागिरी,
२ डिसेंबर १९८६

सौ. कमळावहिनींस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. महिपतला झटका, आणि मी त्याला म्हशींच्या गोष्टी लिहितोय!

वहिनी, परवाचा रविवार असा होता की असा दिवस वर्षातून एखाददुसरा येतो. मी गोदूबाईला खाली आणायलाच तयार नव्हतो. खाली उतरलो तो सगळे नाचत होते. संध्याकाळी बसून त्याला लिहिलं, धुकं होतं. आजवर क्लबात हे कोणी केलेलं नाही.

पण तुम्ही म्हणता ते खरं. माणूस राहिला तर नियम. होळीपर्यंत मी लिहीन. तुम्ही त्याला जपा.

आपला
आत्माराम


पोफळी,
१५ डिसेंबर १९८६

प्रिय आत्म्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. धुकं? डिसेंबर उजाडताना, दुपारपर्यंत, रत्नागिरीत? आणि पुढच्या रविवारी नऊ वाजताच खारा वारा? काय तुझं नशीब आहे रे! तुला बोटीवर घेतलं तर खलाशी समुद्रात ढकलून देतील. पनवती मेंबर म्हणून क्लबाच्या फळ्यावर नाव लिही स्वतःचं.

वारा नेमका कुठून होता? मिऱ्याच्या बाजूने की भाट्याकडून? धुकं असताना वारा होता का? असं अर्धवट लिहू नकोस, मला इथे बसून डोक्यात नकाशा काढावा लागतो. दुसरं करायला काय आहे?

इथल्या पट्टीतलं आभाळ लख्ख असतं. घारी माझ्या डोक्यावरून चढत चढत टिंब होतात. कमळाला म्हटलं, रत्नागिरीत असंच असणार. ती म्हणाली, समुद्राजवळचं वेगळं असतं ना हो? तिला हे कधीपासून कळायला लागलं, देव जाणे. पण दुसऱ्या कोणी धुकं लिहिलं असतं तर मी मानलं नसतं. तू लिहिलंस म्हणून मानतो.

बॅग भरलेलीच आहे. थांबतो.

तुझा
महिपत


रत्नागिरी,
५ जानेवारी १९८७

प्रिय महिपत,

नवं वर्ष लागलं, हवा जुनीच. काल सकाळपासून मळभ. सखाराम विंचवर बसून झोपला आणि गंगुबाईने त्याच्या डोक्यावर ऊन येईल म्हणून छत्री धरली.

(आता तू विचारशील, मळभ होतं तर ऊन कसं? मध्येच पडलं, मध्येच गेलं. तेवढ्यापुरतं.)

वारा भाट्याकडून. मग मिऱ्याकडून. काही धरबंदच नव्हता. गोदूबाई शेडमध्येच होती. तू आला असतास तर दिवसभर चहा पीत बसला असतास. घाई करू नकोस. तब्येत सांभाळ, म्हणजे आपलं थंडीचं म्हणून म्हणतो. हवा काय, आज ना उद्या लागेल.

तुझा
आत्माराम


पोफळी,
२० जानेवारी १९८७

श्री. आत्माराम यांस,

रविवारी मी रत्नागिरीला आलो होतो.

कमळा उठायच्या आत निघालो, चिपळूणला औषध आणायला जातो अशी चिठ्ठी ठेवली. पहिली एसटी धरली. छत्री धरल्याचं तुम्ही लिहिलंत तेव्हापासून मनाला खुटखुट होती. वाटलं, या माणसाला काहीतरी झालंय, क्लबात भांडण झालंय, ग्लायडर मोडलंय आणि मला सांगवत नाहीये. म्हणून न कळवता आलो, तुम्हाला धीर द्यायला.

स्टॅंडवर उतरलो तेव्हाच वर कापसाचे पुंजके दिसले. सड्यापर्यंत रिक्षाने आलो. कुंपणाबाहेर काजूची झाडं आहेत तिथे उभा राहिलो, कारण दम लागला होता. तेवढ्यात गोदूबाई माझ्या डोक्यावरून वर गेली. दोर सुटला, ती डावीकडे वळली आणि चढतच राहिली. पुढे कोणी नवखा होता. मागे माझ्या जागेवर तुम्ही होता. खालची मंडळी टाळ्या वाजवत होती. सखारामचा आवाज ऐकू येत होता. मी बराच वेळ उभा होतो, माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आत यायचं धैर्य झालं नाही. मला फसवलंय हे सगळ्यांना ठाऊक असणार असं वाटलं.

तुमच्या जागेवर दुसरा आलाय, आता त्रास देऊ नका, असं एका ओळीत लिहिलं असतं तर मी हसलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो. तुम्ही मला हवा खोटी सांगितलीत. दर रविवारी सांगितलीत. आणि मी ती इथे बसून नकाशे काढत खरी मानली.

फळ्यावरून माझं नाव पुसावं. यापुढे हवा कळवू नये.

महिपत साळवी


रत्नागिरी,
२४ जानेवारी १९८७

प्रिय महिपत,

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे.

हवा चांगली होती. मी खोटं लिहिलं. का, तर मागच्या सीटची मला गोडी लागली. तू आलास की सगळे तुझ्याभोवती जमणार, पोरं साळवीसाहेब साळवीसाहेब करणार आणि मी पुन्हा दोर जोडणारा. आधी एकदा लिहिलं, मग सवय झाली. दुसऱ्या कोणाचा यात हात नाही. क्लबात कोणाला काही ठाऊक नाही.

एवढंच मागतो, माझा राग घरातल्यांवर काढू नकोस. वहिनींचं ऐकत जा.

नाव पुसलं आहे. माझं.

आत्माराम


रत्नागिरी,
२४ जानेवारी १९८७

सौ. कमळावहिनींस सा. न.

महिपत औषधाला म्हणून गेला होता तो इथे आला होता. त्याने सगळं पाहिलं. माझ्यावर भडकला आहे. मी त्याला सोबतच्या टपालाने लिहिलं आहे की मत्सराने खोटं बोललो. तुम्ही ते खोडू नका. चोवीस तास त्याच्या उशाशी तुम्ही आहात, तुमच्यावर त्याचा विश्वास राहिला पाहिजे. माझ्याशी तो बोलला नाही तर काय बिघडतंय? मी इकडे, तो तिकडे. होळी झाली, तो हिंडू-फिरू लागला की तुम्हीच सांगा आणि मग मी येऊन पाया पडेन. त्याला कानफटात मारू दे हवं तर.

त्याला एसटीचा धक्का सोसला का? तेवढं कळवा.

आपला
आत्माराम


पोफळी,
१६ फेब्रुवारी १९८७

आत्माराम भावोजींस,

हे गेले. गुरुवारी पहाटे. तुम्हाला तार केली नाही, तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. आता लिहिते, कारण यांनी तुमच्यासाठी निरोप ठेवला आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर यांनी ते फाडलं नाही. घडी घालून उशीखाली ठेवलं आणि तुमचं नाव घेणं बंद केलं. खुर्ची अंगणातून आत आणायला सांगितली. मी म्हटलं, जरा उन्हात बसा. म्हणाले, कशाला? वर बघायचं सोडून दिलं भावोजी. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मी रोज ठरवायची, आज सांगते, आणि रोज जीभ रेटायची नाही. वाटायचं, होळी जवळ आली, होळीपर्यंत निभावून नेऊ.

मंगळवारी दुसरा झटका आला. डॉक्टर घरी आले. मी त्यांना धरून बसले, म्हटलं तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, त्या एका दिवसाखेरीज गावाबाहेर जाऊ दिलं नाही, मग असं कसं? ते म्हणाले, बाई, यांचं हृदय ऑक्टोबरातच कामातून गेलं होतं. विश्रांतीने काही व्हायचं नव्हतं. हे मी साळवींना तेव्हाच सांगितलं होतं. हवं ते करा म्हटलं होतं. त्यांनीच माझ्याकडून वचन घेतलं की हिला सांगू नका, ही आतापासून रडत बसेल.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला वाचवायला ते गप्प राहिले आणि त्यांना वाचवायला मी तुमच्याकडून खोटं लिहवून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हवा वाईट लिहा असं मीच लिहिलं होतं, भावोजींनी माझ्यासाठी अपराध अंगावर घेतला. ते म्हणाले, "म्हणजे आत्म्या चोर नव्हे तर." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला लिही, खरी हवा कळव म्हणावं. पहिल्या रविवारपासून. वाऱ्यासकट." मी म्हटलं, सकाळी लिहिते. सकाळी ते नव्हते.

भावोजी, मी तो हट्ट केला नसता तर ते एकदा वर जाऊन आले असते, आणि जायचे तेव्हाच गेले असते. मला हे रोज उठून दिसतं. तुम्ही मला क्षमा करा असं म्हणत नाही. त्यांनी मागितलं तेवढं पाठवा. मी वाचून दाखवीन. कुठे आणि कोणाला, ते मला कळत नाही, पण वाचीन.

कमळा


रत्नागिरी,
२३ फेब्रुवारी १९८७

प्रिय महिपत,

वहिनींनी निरोप दिला. उशीर झाला, पण मागितलंस तसं लिहितो, वाऱ्यासकट.

तीस नोव्हेंबर. धुकं नव्हतं रे. पहाटे थोडं दव, मग लख्ख ऊन. वारा सकाळी जमिनीकडून, हलका. सडा तापला आणि धावपट्टीच्या टोकालाच पहिला थर्मल, वर चढणारा गरम हवेचा खांब, लागला. गोदूबाईने अशी उचल खाल्ली की माझी टोपी घसरली. मिऱ्यापर्यंत गेलो. खाडी दिसली, वाळूवर होड्या ओढलेल्या दिसल्या.

सात डिसेंबर. खारा वारा नऊला नव्हे, दुपार टळल्यावर आला. तोवर घारींच्या खालून आम्ही आणि आमच्या खालून घारी. चौदालाही तसंच. एकवीसला वारा मिऱ्याकडून, जोरकस. नुसतं डोंगराच्या कडेला धरून राहिलं तरी खाली यायला होत नव्हतं. सखाराम खालून ओरडत होता, "मास्तर, जेवायला तरी उतरा!" अठ्ठावीसला थोडे उंच पातळ ढग, तरी पोरांची सगळ्यांची उड्डाणं झाली.

चार जानेवारीला मळभ नव्हतं. गंगुबाईने छत्री धरली ती खरीच उन्हासाठी. मला धड खोटंही सांगता येत नाही, तू ओळखलंस. अकराला हवा मध्यम, पण चालण्याजोगी. अठराची तू स्वतः पाहिलीस. तू काजूखाली उभा होतास आणि मी डावीकडे वळलो तेव्हा खाली बघितलं असतं तर दिसला असतास. मी वर बघत होतो.

त्यानंतर मी सड्यावर गेलो नाही, म्हणून पंचवीसपासूनची हवा सखारामला विचारून लिहितो. तो म्हणाला, "मास्तर, साळवीसाहेबांना सांगायचं तर खरं सांगा, असा हंगाम मी बघितलाच नाय." विंचही खोकलं नाही म्हणे.

ही खरी हवा. नोव्हेंबरच्या शेवटापासून आजपर्यंत एकही रविवार असा गेला नाही, महिपत, की तुला वर नेता आलं नसतं.

आत्म्या